उघड्या दाराची कोठडी

लोकापवाद हा आपल्या वाङ्मयाचा फार जुना विषय आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त दुर्मुख नावाचा हेर रामाच्या कानाशी लागतो आणि त्या कुजबुजीने सीतेचा संसार मोडतो. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या निमित्ताने जी स्यमंतक मण्याची कथा आपल्या घरांत ऐकली जाते, तीही अपवादाचीच कथा होय. तेथे तर प्रत्यक्ष श्रीकृष्णावर चोरीचा आळ येतो. तेव्हा एखाद्याच्या अब्रूवर शिंतोडे उडावेत आणि ते धुऊन काढताना त्याचे आयुष्य पणाला लागावे, या प्रसंगाची नाट्यमयता आपल्याला कोणी परदेशातून शिकविण्याची गरज नाही. नवे आहे ते एवढेच की, पूर्वी अपवादाला पाय होते; त्याला गल्लीतून, पाणवठ्यावरून, पारावरून चालत यावे लागे, आणि चालता चालता तो थोडाफार थकतही असे. आज तो मोबाइलच्या काचेतून येतो. तो थकत नाही, विसरत नाही आणि निम्म्या रात्री उशापाशी उभा राहतो. त्यातून त्याचे भक्ष्य चौदा-पंधरा वर्षांचे पोर असेल तर त्या पोराजवळ ना रामाची राजसत्ता, ना कृष्णाचा पराक्रम.

या नव्या अपवादावर रचलेला एक लहानसा इंग्रजी नाट्यपट प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचे नाव 'सायबरबुली'. ब्रिटनच्या चॅनल फोर या दूरचित्रवाहिनीने तो १५ जानेवारी २०१५ रोजी दाखविला. (याच नावाचा एक अमेरिकन चित्रपट २०११ साली येऊन गेला होता, त्याच्याशी याची गल्लत होऊ नये.) दिग्दर्शन बेन चॅनन यांचे, लेखन चॅनन आणि डेव्हिड लोबाटो यांचे, आणि जवळजवळ सारा भार एकट्या मेसी विल्यम्स या तरुण अभिनेत्रीवर. लांबी सुमारे एक तासाची. आता त्याला एक तपाहून थोडा कमी काळ लोटला आहे. यंत्रे बदलली, त्यांवरील चावड्यांची नावेही बदलली. परंतु त्या तासाभरात जे घडते ते शिळे झालेले नाही. उलट बिदर आणि कलबुर्गीसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यांत, जेथे मोबाइल घराघरांत पोहोचला आणि त्याच्याविषयीचे शहाणपण मात्र अजून वाटेतच आहे, तेथे ते आता कोठे खऱ्या अर्थाने लागू पडू लागले आहे.

कथानक थोडक्यात असे. केसी जेकब्स ही शाळकरी मुलगी संध्याकाळी आपल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली आहे. मैत्रिणीशी गप्पा चालल्या आहेत. एका मुलाने तिची चारचौघांत टर उडविली आहे आणि तिला त्याचा सूड घ्यावयाचा आहे. त्या भरात ती एका मदतनीसाला आपल्या यंत्रात वाट करून देते. तो मदतनीस मदतनीस नसतो. पाहता पाहता यंत्राचा ताबा त्याच्याकडे जातो आणि एक निर्विकार, यांत्रिक आवाज तिच्याशी बोलू लागतो. तुझे खाजगी फोटो माझ्यापाशी आहेत. खोली सोडलीस, कोणाला हाक मारलीस, तर ते साऱ्या जगापुढे जातील. येथून पुढे ती खोली म्हणजे न्यायालय होते. आवाज तिची उलटतपासणी घेतो. आणि मग उलगडते की, ज्या छळाची ही मुलगी आज शिकार झाली आहे, त्याच छळात दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत हिचाही हात होता, आणि ती मुलगी आज या जगात नाही. हिलाही त्याच वाटेने ढकलण्याचा त्या आवाजाचा हेतू असतो. शेवटी केसी यंत्र मिटते आणि खोलीबाहेर जाते.

कलाकृती म्हणून या नाट्यपटाचा पहिला गुण म्हणजे त्याचा संयम. स्थल, काल आणि कृती यांचे जे ऐक्य पाश्चात्त्य नाट्यशास्त्राने एकेकाळी नियम म्हणून लादले आणि पुढे नाटककारांनी झुगारून दिले, ते येथे नियम म्हणून नव्हे, तर गरज म्हणून परत आले आहे. घड्याळातला तास आणि कथेतला तास एकच. खोली एकच. त्यामुळे प्रेक्षकालाही श्वास घेण्यास फट राहत नाही. दुसरा गुण आवाजाचा. खलनायकाला तोंड नाही, वय नाही, जात नाही, गाव नाही. त्याच्या बोलण्यात रागाचा चढउतारही नाही. रागाने बोलणाऱ्या माणसाला शांत करता येते, रडून त्याच्या मनाला पाझर फोडता येतो. परंतु ज्या आवाजात माणूसच नाही त्याच्यापुढे विनवणीचे शब्द जमिनीवर पडावेत तसे पडतात. मेसी विल्यम्स यांचा अभिनय येथे विशेष वाखाणण्याजोगा आहे. गुर्मी, चेष्टा, भीती, लबाडी, पश्चात्ताप या साऱ्या पायऱ्या त्या एकही पायरी न गाळता उतरतात.

परंतु या नाट्यपटाचा खरा प्राण म्हणजे त्यातील दार. केसीच्या खोलीचे दार सबंध तासभर उघडे असते. म्हणजे त्याला बाहेरून कोणी कडी घातलेली नाही. चार पावले टाकली की ती बाहेर पडू शकते. ती टाकत नाही. तिला बांधून ठेवले आहे ते दोराने नव्हे, तर चार फोटोंनी. आणि फोटोंनी तरी कसले, ते फोटो पाहून लोक काय म्हणतील या कल्पनेने. धमकी देणाऱ्याजवळ शस्त्र म्हणून जे काही असते, ते असे आपणच त्याच्या हाती दिलेले असते. त्याच्यापाशी केवळ एक चित्र आहे. त्या चित्राला धार आपली लाज लावते.

मराठी रसिकाला येथे एका दुसऱ्या दाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली मुंबईच्या 'रंगायन'ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. तेथेही एक खोली आहे, तेथेही खेळ म्हणून सुरू झालेली गोष्ट खटला होऊन बसते, तेथेही एका अविवाहित स्त्रीचे खाजगी आयुष्य चव्हाट्यावर मांडले जाते. आणि तेथेही दार आहे: बेणारे निघून जाऊ पाहते तेव्हा ते बाहेरून अडकलेले असते. दोन्ही नाट्यकृतींमधील अंतर या दोन दारांत मावते. तेंडुलकरांच्या काळी स्त्रीला कोंडण्यासाठी कडी लागत होती. आज तिचीही गरज उरलेली नाही.

मात्र तुलना येथवर आणल्यावर तिचा दुसरा निकालही लावला पाहिजे, आणि तो इंग्रजी कृतीच्या बाजूने लागत नाही. तेंडुलकरांचे न्यायाधीश आणि वकील आपल्या ओळखीचे आहेत. कान कोरणारे काशीकर, वकिलीत अपेशी ठरलेले सुखात्मे, आणखी चारदोन सभ्य गृहस्थ: हे सारे आपल्या आळीत राहतात, सभेला येतात, आपल्याला नमस्कार करतात. आपल्या आयुष्यात जे साधले नाही त्याचे उट्टे ते एका बाईवर काढतात. त्यामुळे नाटक संपते तेव्हा प्रेक्षकाची नजर शेजारच्या खुर्चीकडे जाते आणि मग स्वतःकडे वळते. 'सायबरबुली'तील आवाज शेवटपर्यंत बिनचेहऱ्याचा राहतो. रहस्य म्हणून ते परिणामकारक आहे. पण सत्य म्हणून अपुरे. त्याने प्रेक्षकाची सोय होते. हे कोण्या दूरदेशीच्या राक्षसाचे काम आहे, असे म्हणून त्याला निश्चिंतपणे उठता येते. वास्तविक असे फोटो फिरविणारा पुष्कळदा त्याच वर्गातला, त्याच वाड्यातला, क्वचित नात्यातलाही असतो. आणि जेथे तो दूरच्या एखाद्या टोळीतला असतो, तेथेही त्याचा धंदा चालतो तो फोटो पुढे धाडणाऱ्या आपल्या माणसांच्या जिवावर.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. येथे धमकी देणारा हाच न्याय मागणारा आहे. मेलेल्या मुलीच्या वतीने तो बोलतो, आणि त्याचे आरोप खरेही असतात. त्यामुळे काही काळ प्रेक्षक नकळत त्याच्या बाजूला जाऊन बसतो: भोग आता आपल्या कर्माची फळे, असे त्यालाही वाटू लागते. लेखकांनी हे जाणूनबुजून केले असावे आणि काही अंशी ते साधलेही आहे; कारण जो आज रडतो आहे तो काल रडविणाराही असू शकतो, हे सत्य या विषयात फार मोलाचे आहे. शाळकरी मुलांच्या जगात छळणारा आणि छळला जाणारा असे दोन स्वच्छ वर्ग पाडता येत नाहीत. परंतु याच रचनेचा एक तोटा असा की, जिने कोणाचे काहीही वाकडे केले नाही अशी मुलगी या धमकीत सापडते, तिची गोष्ट सांगावयाची राहूनच जाते. आपल्याकडे तर कोणतीही मुलगी संकटात सापडली की पहिला प्रश्न "तू काय केलेस?" हाच असतो. त्या प्रश्नाला या नाट्यपटाने अभावितपणे बळ मिळते, हे नोंदविल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पडद्याशी झुंजणारी एकटी स्त्री हा प्रसंग कर्नाटकाच्या रंगभूमीने तर या इंग्रजी कृतीच्या दहा वर्षे आधीच पाहिला आहे. गिरीश कार्नाड यांचे 'ओडकलु बिंब' २००५ साली बंगळूरच्या रंगशंकरात कन्नड आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सादर झाले. कन्नड प्रयोगात अरुंधती नाग होत्या. माथेरानला जन्मलेले, मातृभाषेने कोंकणी, आणि लेखनाने कन्नड असे कार्नाड या पत्रिकेच्या वाचकांना परके नाहीत. कन्नडात लिहीत आलेली मंजुळा नायक इंग्रजी कादंबरीने एकाएकी जगप्रसिद्ध होते. दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत भाषण करून ती उठते आणि पडद्यावरची तिचीच प्रतिमा तिला हाक मारते. मग ती प्रतिमा एकेक प्रश्न विचारीत तिच्याकडून वदवून घेते की, ती कादंबरी तिची नव्हेच, अंथरुणाला खिळलेल्या तिच्या बहिणीची आहे.

कार्नाडांनी छळणाऱ्याला चेहरा दिला, आणि तो छळल्या जाणाऱ्याचाच दिला. ही कल्पना 'सायबरबुली'तील यांत्रिक आवाजाहून अधिक खोल आहे. पडद्यावर आपली जी मूर्ती आपण घडवितो, सजवितो आणि जगापुढे ठेवितो, तीच एके दिवशी आपल्यापुढे उभी राहून जाब विचारू लागते, हे आजच्या मुलांच्या आयुष्याचे इतके नेमके वर्णन आहे की, त्या काळी आजच्या या जत्रेची नुकतीच कोठे सुरुवात होत होती, यावर विश्वास बसू नये. मंजुळा प्रौढ आहे आणि गुन्हेगार आहे, म्हणून तिचा छळ आपण न्याय म्हणून पाहतो. तेथे पंधरा वर्षांची मुलगी बसवा. तोच छळ क्रौर्य होतो.

या संदर्भात अगदी अलीकडच्या एका कृतीचा उल्लेख टाळता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'ॲडोलसन्स' ही चार भागांची ब्रिटिश मालिका जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांनी लिहिली व फिलिप बॅरंटिनी यांनी दिग्दर्शित केली. प्रत्येक भाग कोठेही न तोडता सलग चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या मुलीचा खून केला आहे, आणि मालिकेचा प्रश्न कोणी केला हा नसून का केला हा आहे. तिच्यातील एक प्रसंग आपल्याकडील प्रत्येक आईबापाने पाहावा असा आहे. तपास करणारा पोलीस अधिकारी मुलांनी एकमेकांना पाठविलेली लहान लहान चित्रचिन्हे मैत्रीची खूण समजतो. त्याचाच शाळकरी मुलगा त्याला बाजूला घेऊन सांगतो की, बाबा, यातल्या प्रत्येक रंगाचा अर्थ निराळा आहे आणि तो हेटाळणीचा आहे. बाप हुशार आहे, अधिकारी आहे. पण निरक्षर आहे.

बिदर-कलबुर्गीच्या माणसाला हा प्रसंग चटकन पटावा. जेथे जुने दस्तऐवज फारसी-उर्दूत, आजोबांची वही मोडीत, देवघरातली पोथी बाळबोध लिपीत आणि मुलांचे शाळेचे पुस्तक कन्नडात, अशा प्रांतात आपण वाढलो. १९५६ साली हैदराबाद संस्थानाच्या भूमीची वाटणी झाली आणि हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले, तरी भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील घरांत तीन भाषा एका ताटात जेवत राहिल्या. चार लिप्या पचविलेल्या या प्रांताला पाचवी लिपी येत नाही, ही कबुली देणे थोडे जड जाते. पण ती दिली पाहिजे. कारण त्या पाचव्या लिपीत आपल्या नातवंडांचे अपमान लिहिले जात आहेत.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या विषयावरचे नाटक आपल्या प्रांतात, आपल्या भाषेत करावयाचे झाले तर ते कसे असावे? प्रश्न केवळ काल्पनिक नाही. एक नटी, एक पडदा आणि एक आवाज, एवढ्या सामग्रीवर उभे राहणारे नाटक महाविद्यालयातली मुलेही करू शकतात. कलबुर्गीला डॉ. एस. एम. पंडित रंगमंदिर आहे, बिदरला डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू रंगमंदिर आहे, कलबुर्गीत रंगायणाची शाखा आहे. स्थळ आहे, साधने आहेत. धोका आहे तो निव्वळ नावे बदलून केलेल्या रूपांतराचा. केसीची कमला करावी, लंडनचे कलबुर्गी करावे आणि बाकी सारे तसेच ठेवावे, असे झाले तर नाटक पहिल्याच प्रवेशात खोटे ठरेल.

कारण केसीची खोली तिची स्वतःची आहे. आपल्या मुलीला अशी खोली नसते. ती माजघरात आजीच्या शेजारी निजते. तिचा मोबाइल भावाचाही असतो, काकाचाही असतो. ती स्वयंपाकघरात असते, अंगणात असते, दिवसभर दहा माणसांत असते. मग इंग्रजी नाट्यपटातील एकांत आणावयाचा कोठून? आमच्या मते याचे उत्तर असे की, तो एकांत आणण्याची गरजच नाही. रंगमंचावर घरभर माणसे असावीत. घरात सत्यनारायण मांडलेला असावा. केळीचे खुंट बांधले जात आहेत, प्रसादाचा शिरा भाजला जात आहे, आत्या रांगोळी मागते आहे, आजोबा भटजींची वाट पाहत आहेत. आणि या सगळ्या गजबजाटात एक मुलगी हातातल्या काचेकडे पाहत उभी आहे. प्रेक्षकाला एकट्यालाच ती अक्षरे दिसत आहेत: अर्ध्या तासात आणखी एक फोटो हवा, नाही तर हे तुझ्या मामाला, तुझ्या सरांना, तुझ्या शाळेच्या साऱ्या वर्गाला. आई ओरडते, "अगं, उभी काय अशी? दूर्वा घेऊन ये!" मुलगी जाते, दूर्वा आणते, हसते, नमस्कार करते. दार उघडेच आहे; नव्हे, आज दाराला तोरणही आहे. आणि कैद कोणालाच दिसत नाही. आमच्या अल्प मतीप्रमाणे हा प्रवेश त्या बंद खोलीतल्या तासापेक्षा अधिक भयंकर होईल, आणि अधिक आपलाही होईल.

भाषेचाही विचार त्यात हवा. सीमेवरच्या मुलीचे मन मराठीत रडते, ती शाळेत कन्नडात उत्तर देते, बाजारात दखनीत बोलते. धमकी तिला कोणत्या भाषेत येईल? बहुधा रोमन अक्षरांत खरडलेल्या एका खिचडी बोलीत, जिला व्याकरण नाही आणि म्हणून वयही कळत नाही. इंग्रजी कृतीतील यांत्रिक आवाजाने जे काम केले ते येथे ही बिनगावाची बोली करील. आणि नाटकाच्या कळसाला ती मुलगी प्रथमच आपल्या घरच्या बोलीत, आजीच्या बोलीत, मोठ्याने काही बोलेल तर तेवढ्यानेच दार उघडल्यासारखे होईल. द्विभाषिक प्रांताला हे सामर्थ्य आयते मिळाले आहे. एकभाषी लेखकाला ते साधणे कठीण.

धमकीची रीतही नाटककाराने नीट अभ्यासावी. ती एकदम कधी येत नाही. आधी ओळख, मग कौतुक, मग गुपिताची देवघेव, मग एक फोटो, आणि मग नातेवाइकांच्या नावांची यादी. मागणी पुरी केली की सुटका होते हा पीडिताचा समज. वस्तुतः पुरी केलेली प्रत्येक मागणी पुढच्या मागणीची हमी असते. आता तर फोटो द्यावाही लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका सुप्रसिद्ध दाक्षिणात्य अभिनेत्रीचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या चलच्चित्रावर बसवून तो सर्वत्र फिरविला गेला, तेव्हा साऱ्या देशाला हे कळून चुकले. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या छायाचित्रावरूनही असा प्रकार करता येतो. तेव्हा "फोटो दिलासच कशाला?" हा प्रश्न, जो नैतिकदृष्ट्या पूर्वीच क्रूर होता, तो आता व्यावहारिकदृष्ट्याही निरर्थक झाला आहे.

चित्रावरून संसारात वादळ उठावे हे मराठी रंगभूमीला अपरिचित नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिले आणि त्याचेच पुढे १९१६ साली 'संशयकल्लोळ' झाले. एक तसबीर या हातातून त्या हातात जाते आणि दोन घरांत संशयाचा धुरळा उडतो. आपण सव्वाशे वर्षे त्यावर हसत आलो. कारण तेथे तसबीर एकच होती, ती परत मिळू शकत होती, आणि पाचव्या अंकात सारे समोरासमोर येऊन बोलू शकत होते. आजच्या तसबिरीला पाचवा अंक नसतो. ती परत मिळत नाही. तिच्या प्रती मोजता येत नाहीत. म्हणूनच देवलांच्या हास्यातून आपण तेंडुलकरांच्या भीतीपर्यंत आलो. तथापि देवलांच्या तोडग्याचा अर्धा भाग अजूनही खरा आहे: समोरासमोर येऊन बोलणे.

काही सज्जन म्हणतील की, देवळाच्या सभामंडपाशी ज्यांचा नित्य संबंध अशा वाचकांपुढे हा अमंगळ विषय कशाला? त्यांस इतकेच विचारावेसे वाटते की, १८९९ साली देवलांनी 'शारदा' रंगभूमीवर आणली तेव्हा जरठ वराला कोवळी मुलगी विकण्याचा विषय मंगल होता काय? ज्या समाजाने तो आरसा सहन केला, एवढेच नव्हे तर त्यातली पदे घरोघरी गायिली, त्या समाजाला हा आरसाही सोसेल. शिवाय ही पीडा देवळाबाहेरच थांबते असे थोडेच आहे? दत्तजयंतीला माणिकनगरला किंवा गाणगापूरला जमणाऱ्या समुदायातही ती मुलगी असते. ती आईच्या शेजारी उभी राहून हात जोडते, आणि काय मागते ते आईला ठाऊक नसते.

खटल्याचा खेळ खऱ्या आयुष्यात कसा खेळला जातो याचे उदाहरण महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे पाहिले. मुंबई बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या कायद्याचा त्यात आधार घेतला गेला, ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्या प्रसंगी जमावाला चेहरा होता आणि नाव होते. म्हणूनच आम्ही वर म्हटले की, बिनचेहऱ्याच्या राक्षसापेक्षा तेंडुलकरांचे सभ्य गृहस्थ आपल्याला अधिक सत्य सांगतात.

कायदा आज पीडिताच्या बाजूला आहे, हेही नाटकाने सांगावे. परंतु उपदेशाचा फलक टांगून नव्हे. मुलांची अश्लील चित्रे फिरविणे त्याच अधिनियमाच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, संरक्षण दिले आहे. १०९८ हा बालकांसाठीचा आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे. हे आकडे मुलांना पाढ्यांसारखे पाठ असावेत. मात्र आकड्यांनी नाटक होत नाही. नाटक होते ते त्या क्षणाचे, जेव्हा मुलगी तोंड उघडावे की न उघडावे या विचारात असते आणि समोर बापाचा चेहरा असतो. त्या चेहऱ्यावर काय दिसेल, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. पोलिसांचा, न्यायालयाचा, कायद्याचा प्रवेश त्यानंतरचा.

'सायबरबुली'चा शेवट येथेच घाईने आटोपला आहे, अशी आमची तक्रार आहे. केसी यंत्र मिटते आणि बाहेर जाते. आपल्याला सुटल्यासारखे वाटते. पण खरे नाटक तर त्यानंतर सुरू होते. उद्या शाळेत जावयाचे आहे. फोटो फिरले असतील किंवा नसतील. आणि जी दुसरी मुलगी गेली, तिच्या आईबापांच्या दारात कोण उभे राहणार? लेखकांनी हा तिसरा अंक लिहिला नाही. तेंडुलकरांनीही तो लिहिला नाही. पण त्यांनी निदान बेणारेला रंगमंचावर एकटी, निश्चल ठेवून प्रेक्षकाला घरी जाताना मोकळे वाटू दिले नाही. या बाबतीत 'ॲडोलसन्स'चा चौथा भाग सर्वांत धाडसी म्हणावा लागेल. तो सबंधच्या सबंध मागे राहिलेल्या आईबापांचा आणि बहिणीचा आहे.

एकूण मोल ठरवायचे तर असे म्हणता येईल: रचनेत निर्दोष, अभिनयात उत्कृष्ट, निदानात अर्धा खरा आणि उपचारात अपुरा असा हा नाट्यपट आहे. त्याने कैदेचे चित्र अचूक काढले, कैद घालणाऱ्याचे काढले नाही; आणि दार उघडे असल्याचे दाखविले तरी दाराबाहेर कोण उभे असावयास हवे हे सांगितले नाही. ते सांगण्याचे काम आपल्या नाटककारांचे आहे, आणि त्याचे बीज आपल्याजवळच आहे.

स्यमंतकाच्या कथेत श्रीकृष्णाने आळ ऐकल्यावर काय केले हे भागवतात पाहण्यासारखे आहे. तो महालात दार लावून बसला नाही, आणि सत्राजितावर शस्त्रही धरले नाही. त्याने द्वारकेचे नागरिक बरोबर घेतले आणि अपवादाचा माग काढीत तो अरण्यात शिरला. प्रसेनाचे प्रेत सर्वांनी पाहिले, सिंहाची पावले सर्वांनी पाहिली, जांबवानाच्या गुहेच्या तोंडाशी सारे थांबले. आत मात्र तो एकटा गेला. आणि बाहेरचे लोक बारा दिवस थांबून, कंटाळून, दुःखी मनाने परत फिरले. झुंज चालली अठ्ठावीस दिवस. कृष्णाला ते परवडले. त्याच्या हाती गुहा फोडण्याचे बळ होते. भालकीच्या किंवा आळंदच्या पंधरा वर्षांच्या मुलीला ते परवडणार नाही. तिच्यासाठी गुहेच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या माणसांनी तेराव्या दिवशीही तेथेच असले पाहिजे.

हे नाटक कोणीतरी लिहावे. मराठीत लिहावे, कन्नडात लिहावे, कोंकणीत लिहावे. आणि त्याचा पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी, मुले आणि त्यांचे आजीआजोबा शेजारी शेजारी बसतील अशा वेळी व्हावा.